ग्रँड रॉयला थांबलेली बस

टोरोंटो,
ता. २१ नोव्हेंबर १९९७

ती. ईनेझताईस,
धाकट्या ऑस्बर्टचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून तू आधी कोण गेलं म्हणून घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, सगळे धडधाकट आहेत. आणि आम्ही येतोय! राहायला नाही, हे मात्र राग येण्याआधी ऐकून घे. शेरिलने बोटीची सहल ठरवली आहे. बोट बेटाबेटांवरून फिरते, त्यात जानेवारीतला एक दिवस ग्रेनेडाचा. सकाळी सेंट जॉर्जेसला उतरायचं आणि संध्याकाळी परत बोटीवर. मी, शेरिल, नाओमी, धाकटा ट्रॉय, आणि आमच्या सासूबाई मिसेस ग्रीनिज. त्या बार्बाडोसच्या, हे तुला ठाऊकच आहे. कॅनडात जन्म गेला तरी बार्बाडोस सोडून बाकी सगळी बेटं त्यांच्या लेखी ‘ती छोटी बेटं’. जावई छोट्या बेटावरचा मिळाला, हे त्या चारचौघांत अजून हसत हसत सांगतात. हसत असतात, म्हणून मलाही हसावं लागतं.

बोटवाल्यांची मोटार शेरिलला नको आहे. मला वाढवणाऱ्या टँटीकडे तिथली माणसं जातात तसं बसने जायचं, असा तिचा हट्ट. मी म्हटलं, बसमध्ये मांडीवर मांडी येईल आणि गाण्यांनी कानठळ्या बसतील. ती म्हणाली, तेच तर हवंय. तेव्हा जेवायच्या वेळेपर्यंत ग्रँड रॉयला येऊ. टँटीला म्हणावं, फार घाट घालू नकोस.

आणि हो, घराला मध्यंतरी रंग दिलात का? सहज विचारलं.

टँटीला आम्हा सर्वांचा साष्टांग नमस्कार. ताई, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
ऑस्बर्ट


ग्रँड रॉय,
ता. १२ डिसेंबर १९९७

चि. ऑस्बर्ट यास,
ईनेझचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र टँटीला वाचून दाखवलं. मग तिने ते शेजारच्या मिस अल्माला वाचून दाखवायला लावलं, मग पास्टरबाईंना. आता आळीतलं कुत्रंसुद्धा जाणतं की ऑस्बर्ट येतोय. घाट घालू नकोस म्हणे! तुला हातापायाच्या काड्या असल्यापासून जिने वाढवलं, तिला तू हे सांगतोस? आई गेली तेव्हा तू सदा टँटीच्या कडेवर असायचास आणि खाली ठेवलं की भोकाड पसरायचास. आता ती तुझं ऐकेल होय?

ऑइल डाऊनच करायचं ठरलंय. परसात चूल मांडून, मोठ्या पातेल्यात. नीरफणस कुठला उतरवायचा ते तिने झाडावरच ठरवून ठेवलंय आणि रोज त्याला खालून दटावते, आणखी पिकू नकोस म्हणून. अळूची पानं मिस अल्मा देणार, खारवलेलं मांस मी आणणार, हळद घरची. नारळ मात्र टँटीच खवणार, माझ्या हाताला चव नाही म्हणते. खुर्च्या पास्टरबाईंकडून येतील. चर्चला जायचा पिवळा झगा धुऊन, इस्त्री करून खिळ्याला लावलाय. त्याला कुणी हात लावायचा नाही. स्वयंपाक उरकला की चढवणार, आधी घातला तर धुराचा वास लागेल म्हणे.

तब्येतीचं म्हणशील तर ठीक आहे. जवळचं दिसत नाही, सुई मला ओवून द्यावी लागते. लांबचं मात्र घारीसारखं दिसतं. समुद्रात होडीवर कोण उभा आहे ते गॅलरीतून सांगते.

आता बसचं. विसरला असशील म्हणून सांगते. चढल्या चढल्या सगळ्या बसला गुड मॉर्निंग म्हण, नाहीतर आईबापांनी काही शिकवलं नाही म्हणतील, आणि तुझ्या बाबतीत त्याचा अर्थ टँटीने शिकवलं नाही असा होतो. उतरायचं असलं की पत्र्यावर ठोक. वळण संपून आपला नीरफणस दिसला की ठोकायचं, तिथे आपल्याखेरीज कुणी उतरत नाही. ठोकून बस थांबवली आणि उतरला नाहीस तर अख्खी बस तुझा उद्धार करील, पोरांनाही सांगून ठेव.

रंगाचं विचारलंस. रंग कसला? होता तोच आहे, म्हणजे नाही. त्याला काय झालं?

शेरिलला आणि पोरांना आशीर्वाद. सासूबाईंना आमचा मान सांग. ओढ आहे तशीच राहू दे.
तुझी,
ईनेझ


टोरोंटो,
ता. २५ जानेवारी १९९८

ती. ईनेझताईस,
सा. न. वि. वि.

काय तोंडाने लिहू? बोट बंदराला लागायलाच उशीर झाला. समुद्र खवळला होता, ट्रॉयला वांत्या होत होत्या. उतरलो ते कसेबसे बंदराबाहेरच्या बाजारापर्यंत गेलो आणि कप्तानाने परत बोलावलं. ग्रँड रॉय गाठणं शक्यच नव्हतं. बोटीच्या सहलीचं हे असंच, आपल्या हातात काही नसतं.

टँटीला फार वाईट वाटलं असेल. तिला म्हणावं, पुढच्या खेपेस नक्की. ऑइल डाऊन वाया गेलं नाही ना? शेरिलने नाताळातले फोटो दिलेत, ते सोबत पाठवतो आहे.

राग धरू नये. पाखर घालत जा.
तुझा,
ऑस्बर्ट


ग्रँड रॉय,
ता. १६ फेब्रुवारी १९९८

चि. ऑस्बर्ट यास,
आशीर्वाद. वि. वि.

फोन करणार होते, पण फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा राग पातळ होतो. कागदावर तो घट्ट राहतो.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मिस अल्माचा लेस्टर घरी आला. तो आता गुयावच्या बसवर चालक आहे. तू इथून गेलास तेव्हा तो रांगत होता, म्हणून तू त्याला ओळखलं नाहीस. त्याने सहज विषय काढला. बोट आली त्या दिवशी त्याच्या बसमध्ये बोटीवरचं एक कुटुंब होतं. बायको, दोन पोरं, आणि हॅट घातलेली एक ताठ म्हातारी. बाकीचे मुकाट्याने बसले, पण पुरुषाने चढताच सगळ्या बसला गुड मॉर्निंग घातलं. लेस्टर म्हणतो, बोटीवरचा पाहुणा असं करत नाही, हा आपलाच कुणीतरी. मग आपलं वळण आलं आणि त्याच माणसाने बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा ठोकलं. लेस्टरने बस थांबवली. कुणी उतरेना. मागच्या बायका ओरडायला लागल्या की कुणी ठोकलं रे, झोपेत ठोकलं काय! तर तो माणूस म्हणाला, चुकून हात लागला, चला पुढे. जायफळाच्या कारखान्याशी ते सगळे उतरले.

समुद्र खवळला होता ना रे? मी त्या दिवशी परसात पातेल्यापाशी होते. बस थांबल्याचा आवाज ऐकून ओल्या हातांनी धावत पुढे आले, तर बस वळणाआड गेलेली. टँटी गॅलरीत बसून नारळ खवत होती. म्हणाली, दुसऱ्या कुणासाठी थांबली असेल. मी म्हटलं, हो. संध्याकाळ झाली तेव्हा तिला मीच सांगितलं की बोट बंदरात शिरलीच नाही म्हणून. ती हो म्हणाली. मग आळीला बोलावून परसात जमिनीवरच जेवायला घातलं. पास्टरबाईंच्या खुर्च्या रिकाम्याच परत केल्या. मला त्या खुर्च्या उचलताना मान वर करवेना. तेव्हा वाटलं, माझ्या नशिबाची लाज. आता कळलं, ती तुझी होती.

टँटीला मी काही बोललेली नाही. तिच्या घरासमोर बस थांबवून तू उतरला नाहीस, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? का उतरला नाहीस तेवढं लिही. खोटं लिहायचं असेल तर कागद वाया घालवू नकोस.

ईनेझ


टोरोंटो,
ता. ८ मार्च १९९८

ती. ईनेझताईस,
सा. न. वि. वि.

खोटं लिहीत नाही.

शेरिलशी लग्न ठरत होतं तेव्हा मिसेस ग्रीनिजनी मला विचारलं की घर फळ्यांचं की पक्क्या भिंतींचं? मी भिंतींचं म्हणालो. एवढाच शब्द, ताई. मग त्या भिंतींवर मजला चढला. मग टेकडीवरच्या, दवाखान्यात औषधं देणाऱ्या डिस्पेन्सरबाईंचा गुलाबी बंगला मी हळूहळू आपला करून टाकला, सज्जासकट. पोरांना झोपवताना त्याच सज्जात टँटी गोष्टी सांगते असं सांगायचो. नाओमीने शाळेत त्याचं चित्र काढलं, ते अजून आमच्या फ्रिजवर आहे. तुला रंगाचं विचारलं तेव्हा मला वेड लागलं होतं असंच समज.

बोटीवर सांगून टाकू, असं रोज ठरवायचो. मग वाटलं, बसमध्ये सांगू. मग वाटलं, दारात उभं राहिल्यावर काय सांगायचं, दिसेलच. वळण आलं, नीरफणस दिसला आणि हात आपोआप पत्र्यावर गेला. मी ठोकलं नाही ताई, हाताने ठोकलं. बस थांबली. खिडकीबाहेर आपलं घर, गंजका पत्रा, खालचे खांब, आणि गॅलरीत टँटी. सासूबाई माझ्या पुढच्या बाकावर होत्या. वाकून बघत म्हणाल्या, अगबाई, अशा घरांत अजून माणसं राहतात! नाओमीने विचारलं, बाबा, आलं का? मी नाही म्हणालो. टँटी पंधरा पावलांवर होती आणि मी नाही म्हणालो. पुढे गेल्यावर त्यांना सांगितलं की टँटी त्रिनिदादला गेल्याचं आत्ता आठवलं.

कारखान्यात जायफळाचा वास आला आणि मी बाहेर जाऊन रडलो. शेरिलला वाटलं, घरची आठवण आली.

टँटीला कळू देऊ नकोस. हे मागायचा मला हक्क नाही, तरी मागतो. लोभ असावा असं आज लिहवत नाही.
ऑस्बर्ट


ग्रँड रॉय,
ता. २९ मार्च १९९८

चि. ऑस्बर्ट यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं, टँटीच्या हाती नको म्हणून. तिला वाचता येत नाही हे माहीत असून घातलं. आता मला कुणापासून काय लपवायचं तेच कळेनासं झालंय.

सांगते ते नीट ऐक. महिनाभर मी बघत होते, टँटी मधल्याच वारी, पहाटे उठून पिवळा झगा घालायची. हॅट, मोजे, बंद बूट. गॅलरीत येऊन ताठ बसायची ती थेट सूर्य कलेपर्यंत. चुलीजवळ जायची नाही. मला वाटलं, म्हातारपणी रविवारचा घोळ होतोय. परवा म्हटलं, टँटी, आज बुधवार, चर्च नाही. ती म्हणाली, ठाऊक आहे, आज बोट आली आहे. मी समुद्राकडे पाहिलं, खरंच बोट उभी होती.

मग तिने सांगितलं. तिने तुला त्या दिवशी खिडकीत पाहिलं होतं. लांबचं तिला दिसतं, हे मीच तुला लिहिलं होतं ना? मी बोट शिरली नाही म्हणाले तेव्हा ती हो म्हणाली ती माझी लाज राखायला. ऑस्बर्ट, मी तिला फसवतेय असं मला वाटत होतं.

तुझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणते, चूक माझीच. पोराबरोबर सासू होती, हॅटवाली, मोठ्या बेटावरची. आणि मी फाटक्या झग्यात, डोक्याला पिठाच्या पिशवीचं फडकं गुंडाळून नारळ खवत बसलेली. त्याने कसं म्हणावं, ही माझी टँटी? ईनेझ, मी तुला म्हटलं होतं, आधी कपडे बदलते, पण धुराचा वास लागेल म्हणून राहिले. आता बोट आली की ती तयार होऊन बसते. वळणावर बस दिसली की उठून उभी राहते. मग बस जाते.

मला यापुढे काही लिहायचं नाही. तुला जे करायचं ते कर.
ईनेझ


टोरोंटो,
ता. १९ एप्रिल १९९८

ती. ईनेझताईस आणि ती. टँटीस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

ताई, हे पत्र टँटीला मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर वाचलं. वाचायच्या आधी घराचं सांगितलं. शेरिल तीन दिवस माझ्याशी बोलली ती फक्त विमानाच्या तारखांबद्दल. नाओमीने चित्र फ्रिजवरून काढलं, पण फाडलं नाही, मला आणून दिलं. ते फार लागलं. मिसेस ग्रीनिजनी दुसऱ्या दिवशी मला एकटं गाठून विचारलं की घर खांबांवर आहे की सुट्या दगडांवर? त्यांचं बार्बाडोसचं घर दगडांवर होतं म्हणे, मालकाने जागा सोडा म्हटलं की सगळं घर फळी फळी सोडवून गाड्यावरून न्यायचे. लहानपणी त्यांनी ते दोनदा नेलं. इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांना भिंती दाखवत होतो.

शाळेला सुटी लागली की येतोय. बोटीने नाही, आणि एका दिवसासाठी नाही. सगळेच येतोय, राहायला. पोरं जमिनीवर झोपतील, मी गॅलरीत.

टँटी, एक मागणं आहे. त्या दिवशी पिवळा झगा घालू नकोस. बुटात पाय कोंबू नकोस. डोक्याला तेच पिठाच्या पिशवीचं फडकं बांध आणि गॅलरीत नारळ खवत बस. बसच्या पत्र्यावर या खेपेस नाओमी ठोकणार आहे, तिने विचारलं की कुठे ठोकायचं हे तिला कसं कळणार? मी तिला तुझं फडकं सांगितलंय. दुसरी खूण मी दिलेली नाही.

तुमच्या पायांशी,
ऑस्बर्ट