शेळीला बगून येते

आई, सकाळपासून मी घरात येरझाऱ्या घालतेय. लेक आतल्या खोलीतून विचारते, "तुझं काय हरवलंय गं?" तिला आठवा महिना लागलाय, बाळंतपणाला माझ्याकडे चिंचवडला आलीय. मी काही नाही म्हणते आणि डबे पुसायला घेते. पुसलेलेच डबे. शेवटी कागद घेऊन बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि पत्र लिहायचं सुचलं ते आज. तुला तर अक्षर येत नव्हतं. होतीस तेव्हाही माझी पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचीस.

ही पोटात होती तेव्हाचं आठवतंय. मी आफ्रिकेतून, मोंबासाहून बोटीनं बाळंतपणाला तुझ्याकडे आले होते आणि दादा, तुझा लेक, विलायतेत, लोखंडाच्या ओतशाळेत कामाला. त्या साली फ्लूची साथ जगभर फिरत होती. पिंपरीला औषधांचा एवढा मोठा नवा कारखाना, तरी आपल्या आळीत घरटी एक माणूस आडवा आणि म्हाताऱ्या काढ्यावरच. दादाचा आणि माझा ठराव होता, पत्राची पहिली ओळ तापाची. आधी 'ताप नाही' लिहायचं, मग बाकीचं पुराण. मी माहेरी पोचले तेव्हा त्याचं पत्र आलं होतं, खोलीतले सगळे पडलेत, मलाही कणकण आहे. त्यानंतर काहीच नाही. मी अंगणात पोस्टमनची वाट बघत उभी, आणि तू मला आत हाकलतेस, "उन्हात उबी ऱ्हाऊ नगंस, जड अंगाची हाईस."

मग एकाएकी तू बदललीस. देवाला हात लावेनास. हात दुखतो म्हणून शेजारच्या काकूंकडून पूजा करून घ्यायचीस आणि त्याच हातानं माझे डिंकाचे लाडू वळायचीस. उठसूट "शेळीला बगून येते" म्हणून मागच्या गोठ्यात जायचीस. एवढं काय बघायचं असतं शेळीत? मी चिडवलंसुद्धा, "जावयापेक्षा शेळीचा थाट मोठा दिसतोय!" तू हसलीस. माझ्या डोळ्याला डोळा नाही आणि तू दादाचं नावही काढत नाहीस, याचा मला असा संताप यायचा की एकदा ताट सरकवून उठले. तू म्हणालीस, "जेव. यील कागूद."

ही झाली, बारसं झालं, पाहुण्या गेल्या. तू मला गोठ्यापाशी नेलंस, कुडातून एक हवाई पत्र उपसलंस आणि अंगापासून लांब धरलंस. त्याचा तिकिटाचा कोपरा फाटलेला होता. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडून धाडतात आणि ते घरात नेत नाहीत, एवढं तुला ठाऊक. नेहमीचा पोस्टमन तापानं पडलेला, बदलीचा माणूस पत्र हातात देऊन निघून गेला, आणि तू समजलीस, पोरगा गेला. कुणाला वाचायला दिलं असतंस तर आळीभर होऊन माझ्या कानी आलं असतं. म्हणून ते न वाचताच कुडात खोचलंस आणि एकटीनं सुतक धरलंस.

"तुजं अंग मोकळं झालं. आता वाच."

मी पत्र उघडलं. पहिली ओळ, 'ताप नाही. उतरला.' पुढं, इथं सूप नावाचं गरम पाणी पितात, त्यावर जगलो, आईच्या भांडी विसळायच्या पाण्यालाही याहून चव असेल. मी हसत सुटले आणि तू खाडकन माझ्या मुस्काटात दिलीस. "हसतीस काय? भाऊ गेला न्हवं तुजा!"

तुझे दोन्ही हात धरून सांगितलं, तो आहे, बरा झालाय. तिकिटावरची राणी वाटेत कुणाला तरी आवडली असणार, त्यानं ती कोपऱ्यासकट फाडून घेतली. त्या न पाहिलेल्या माणसाच्या तू सात पिढ्या उद्धरल्यास. मग शेळीच्या गळ्यात हात टाकून जी रडलीस ती दिवेलागणीपर्यंत. तेव्हा मला कळलं, तू रोज तिथं काय बघायला जात होतीस. पण राग गेला नाही माझा. एकटीनं का गिळलंस? सांगायचं होतंस, दोघी मिळून रडलो असतो. मोंबासा कायमचं सोडून परत आल्यावरही मी हे तुला ऐकवत राहिले, आणि तू दर वेळी एवढंच म्हणायचीस, "तुला कळंल."

आज सकाळी दादाच्या मुलाचा विलायतेहून फोन आला. दादा गेला. या वेळी कोपरा वगैरे काही नाही, पोरानं सरळ सांगितलं. लेकीनं आतून विचारलं, "कुणाचा गं? मामाचा?" मामा बाळासाठी लोकरीचं काहीतरी धाडणार म्हणून ती रोज वाट बघतेय. मी म्हटलं, हो, मामाचाच. बरा आहे. ताप नाही.

देवाला आज हात लावला नाही. डिंक तळायला काढलाय. हा कागद तिच्या हाती लागायच्या आत जाळून टाकीन, पण तुला एक सांगते. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्या, कुठंही उभी राहिले तरी मी तिला दिसते. माझ्याकडे शेळी नाही गं, आई.