पडद्यावरचा डाग

४ जानेवारी

आला एकदाचा! पन्नास इंची, प्लाझ्मा, हाय डेफिनिशन. दोन माणसांनी उचलून आणला. मी मध्ये मध्ये नुसता "सांभाळून, सांभाळून" करत होतो. समोरची खोली आता खोली राहिलीच नाही, थिएटर झालं. ही म्हणाली, "अहो, आपण बसायचं कुठे?" म्हटलं, भिंतीला टेकून बस, पण बघ! खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. एवढ्या जवळून मी हिचंही तोंड कधी पाहिलं नसेल. हे तिला सांगितलं तर लटकं रागावली.

६ जानेवारी

घेण्याआधी चार लोकांना विचारायला हवं होतं. मी विचारतोय घेतल्यावर — आमचं सगळं असंच!

शेजारचे दातांचे डॉक्टर — "चित्र एक नंबर. काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण तापतो फार." सलूनवाला — "वीज खातो हो, राक्षस आहे. पण गिऱ्हाईक उठत नाही." हिच्या भावाकडेही आहे. तो म्हणाला, "भावोजी, एकच सांभाळा. एकच चित्र फार वेळ ठेवायचं नाही. पडद्यावर ठसा बसतो, कायमचा. नव्या सेटला तर फारच जपा." त्याच्या पडद्यावर कोपऱ्यात बातम्यांच्या चॅनेलचं चिन्ह उमटलंय. सिनेमा लावा, मॅच लावा, ते आपलं तिथेच! पोट धरून हसलो. घरी येऊन हिला बजावलं.

१५ जानेवारी

डबल ड्यूटी. बस डेपोत लावली आणि घरी येऊन आडवा झालो. टीव्ही लावलाच नाही.

२१ जानेवारी

डाग!! अगदी मधोमध. मळकट, बशीएवढा. बातम्या देणाऱ्या बाईचं तोंडच खाऊन टाकलंय.

"काय लावून ठेवलं होतंस?" म्हणाली, दुपारी सिनेमा थांबवून जरा पडले, डोळा लागला. झालं! डोकंच फिरलं माझं. ही वर म्हणते कशी, "पण अहो, मला तर कुठे डाग दिसत नाही." एवढा ढळढळीत, आणि हिला दिसत नाही! नको नको ते बोललो. तिच्या माहेरापर्यंत गेलो. ती जेवली नाही. मी जेवलो.

२४ जानेवारी

कंपनीचा मेकॅनिक आला. पडदा आधी सगळा पांढरा केला, मग लाल, मग निळा. म्हणाला, "काका, पडदा स्वच्छ आहे." म्हटलं, हा काय इथे! बोट लावायला गेलो तर डाग बोटाच्या मागे आला. कोपऱ्यात पाहिलं, तर कोपऱ्यात गेला. अरे, ठसा कधी चालतो का? त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि हळूच म्हणाला, "काका, एकदा डोळे दाखवून घ्या."

हाकलूनच दिला. डोळे म्हणे! उभं आयुष्य बस चालवण्यात गेलं, अजून नाकावर चष्मा नाही.

२७ जानेवारी

ही तेच धरून बसलीय. "साखर आहे तुम्हाला. गोळ्या चुकवता. डॉक्टर कधीपासून सांगताहेत, डोळे तपासून घ्या." तपासू, आणि? डेपोत कळलं की स्टिअरिंग काढून घेतील. खिडकीत बसवून पास फाडायला लावतील. मला! त्यापेक्षा मेलेलं बरं. म्हटलं, स्वतःची चूक झाकायला माझ्या डोळ्यांवर घसरू नकोस.

रात्री पोरीचा फोन. "बाबा, आईला किती बोलता हो तुम्ही?" तिलाही झापलं.

३० जानेवारी

कंडक्टर म्हणाला, "अहो, थांब्यावर ती बाई केवढा हात करत होती, तुम्ही तसेच पुढे?" म्हटलं, काच घाण आहे. गाडी धुणाऱ्याला आईबापावरून शिव्या दिल्या. त्याने माझ्यादेखत काच पुसली. परत पुसली. मग कापड हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

२ फेब्रुवारी

ही भावाकडे गेली. आदळआपट नाही, रडारड नाही — ते जास्त लागलं. बॅग उचलताना एवढंच म्हणाली, "टीव्ही बदलून घ्या. डाग गेला की मला बोलवा."

३ फेब्रुवारी

चहा केला. उतू गेला.

८ फेब्रुवारी

दुकानात जाऊन तमाशा केला. गिऱ्हाइकं गोळा झाली तेव्हा कुठे मालक नमला — "घ्या, दुसरा घ्या, पण ओरडू नका!" कोरा सेट. माझ्यासमोर खोका फोडला. घरी लावून घेतला. मनात म्हटलं, चित्र आलं की आधी हिला फोन.

चित्र आलं. डाग तिथेच. तेवढाच. नाही, थोडा मोठा.

टीव्ही बंद केला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आजची तारीख दिसेना. डोळे चोळले, तोंडावर पाणी मारलं. जिथे बघावं तिथे तो! मग काय, कॅलेंडरलाही हिनेच डाग पाडला म्हणू?

घाबरलोय मी. इथे लिहितो, कुणाला सांगायची छाती नाही. अक्षर मोठं काढतोय, तरी ओळ वाकडी जातेय. उद्या पहिली गाडी माझी. शाळेची पोरं असतात तिच्यात, दारापर्यंत भरलेली.

९ फेब्रुवारी

गाडी काढली नाही. पोट बिघडलंय म्हणून कळवलं आणि मेहुण्याकडे गेलो. बेल वाजवली. दार उघडलं. तोंडाच्या जागी डाग. बाई आहे एवढं कळलं. मेहुण्याची बायको असणार.

म्हटलं, "वहिनी, हिला जरा बाहेर बोलवता का? माफी मागायचीय."

"अहो..." ती म्हणाली. "मीच आहे."