दहा एमएमचे फिन

पुदुच्चेरी

तीर्थरूप बाबांस,
भूमिकाचा नमस्कार. हात ओले आहेत, अक्षर समजून घ्या.

मी इथं आल्यापासून तुमी माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहून राहिली. मी मजेत आहो. सर्फबोर्डाच्या कारखान्यात काम बरं चाललं. हनुवटीचे टाके निघाले. आईले सांगू नका.

बोर्डाखाली माशाच्या परासारखे लावाले मजबूत फिन पाहिजेत, असं मी आईले बोलली होती. तुमी दुर्गहून दहा एमएमच्या स्टील प्लेटचे कापून पाठवले. बाबा, इथं ते फायबरचे असतात. तरी लावले. उभी राहिली तं बोर्डाची शेपटी पाण्यात अन् नाक आभाळात. टाके तेव्हाचेच.

मग तुमच्याच मापाचे फायबरचे केले, बुड लांब अन् उंची कमी. आखूड, रुंद बोर्डाले लावले तं लाटेवर भिलाईच्या रुळावर ठेवल्यासारखा सरळ पळाला. वळाले मात्र तयार नाही.

आमचे उस्ताद म्हणे, "हे फिन एकदा निघाले का कोणाचं ऐकत नाही. कोणावर गेले?" मी तुमचं नाव सांगितलं.

आईचा गुडघा कसा आहे? तुमचे स्टीलचे फिन मी दाराले टेकू लावले. समुद्राचा वारा आला तरी दार हलत नाही.

आता फोन उचला.

तुमच्यावरच गेलेली,
भूमिका