स्नेहलच्या परीक्षेत माझा निकाल

औराद,
रविवार, बाजार उठल्यावर

माननीय साडूभाऊ धम्मानंद यांना राजपालचा औरादहून मनापासून जयभीम.

तुम्ही, पंचशीला आणि लेकरं खुशाल असाल. नसाल तर आधी बरे व्हा आणि मग हे पत्र वाचा, कारण पुढचं दुखणेकऱ्याला झेपणारं नाही. पंचशीलाच्या गुडघ्याला उतार आहे असं कळलं. तिला सांगा, एरंडाच्या पानाचा शेक सोडू नको (डॉक्टर काही का म्हणेना). इकडं तुमच्या मेहुणीची, पार्वतीबाईची तब्येत ठणठणीत, तुरीला फूल बरं लागलंय, पाणीही एक दिवसाआड येतं. एकटा मी तेवढा ठीक नाही. मला ताप नाही, खोकला नाही. मला आमच्या स्नेहलची कंपनी झालीय.

तुम्हाला ठाऊकच आहे, नात आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाली. वर्गात दोनच मुली, त्यातली ही. आता हुमनाबादकडच्या एका कारखान्यात शिकाऊ घेणार आहेत. वर्षभर काम करत शिकायचं, हातखर्चाला थोडं मिळायचं, आणि शेवटी सरकारी शिक्क्याचं सर्टिफिकेट. पोरीचा सगळा जीव त्यात अडकलाय. तिच्या बापानं, म्हणजे आमच्या भीमराजनं, सांगून टाकलंय, की यंदा लागली तर लागली, नाहीतर उन्हाळ्यात स्थळं बघायची. तो बोलला की बोलला. (हा हट्टीपणा त्याच्यात कुठून आला, कुणास ठाऊक.)

आता शिकाऊ घ्यायचा म्हणजे काय असतं? मी उदगीरला शिलाईच्या दुकानात शिकाऊ लागलो, तेव्हा उस्तादांनी मला वरून खाली बघितलं, 'खाना खाया क्या?' म्हणून विचारलं आणि काजं करायला बसवलं. संपली निवड. इथं मात्र स्नेहलच्या मोबाइलवर एक लिंक आली. म्हणे आधी स्वभावाची परीक्षा! वायर जोडायला स्वभाव कशाला लागतो, ते त्या वायरीलाच माहीत. घरी बसून द्यायची, घाई नाही, चूक-बरोबर असं काही नाही, मनाला वाटेल ते उत्तर द्या म्हणे. जिथं चूक-बरोबर नाही तिथं नापास कसं करतात, हे मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

तरी मी माझ्या परीनं सगळं रीतीनं केलं. कंपनी घरी आली म्हणजे बघायला आलेल्या पाहुण्यासारखीच की. सतरंजी टाकली, मोबाइल पाटावर ठेवला, मी इस्त्रीचा सदरा घातला, पार्वतीबाईनं पोहे केले. शेजारच्या नागरत्नाक्कालाही बोलावलं, कारण बघण्याच्या कार्यक्रमात चार माणसं असली की मुलीला धीर येतो. आता सांगा, अशा वेळी मुलीला कुणी बोलू देतं का? पाहुणा विचारतो, 'स्वयंपाक येतो का?' मुलगी खाली बघते आणि मावशी सांगते, 'पुरणपोळीत तिचा हात धरणारं कोण न्हाई.' आपल्याकडं हीच रीत. म्हणून स्नेहल प्रश्न मोठ्यानं वाचायची, आम्ही विचार करून उत्तर सांगायचो, ती दाबायची.

पहिलाच प्रश्न असा, की मला एकटीनं काम करायला आवडतं, सहमत की असहमत? पार्वतीबाई म्हणाली, "एकटी कामून? तिला काय माणसं न्हाईत का?" पूर्ण असहमत. पुढं विचारलं, मी कायम नियम पाळते का. अर्थात पाळते! चांगल्या घरची आहे. पूर्ण सहमत. थोडं पुढं गेल्यावर तोच प्रश्न वेष बदलून परत आला, की काही वेळा नियम मोडावा लागतो का. त्यावर नागरत्नाक्कानं दवाखान्यात रांग मोडून सासूला आत कसं नेलं होतं त्याची पूर्ण हकीकत सांगितली. आम्हाला सगळ्यांना पटली, म्हणून तिथंही पूर्ण सहमत.

"आबा, हे मला विचारायलेत," स्नेहल म्हणाली.

"तू गप बस. मोठी माणसं बोलायलीत न्हवं?"

मग विचारलं, समारंभात मी पुढाकार घेते का. आता साडूभाऊ, तुमच्या थोरल्याच्या लग्नात मांडव पडायला आला तेव्हा कुणी धरला होता? पूर्ण सहमत. साहेब चुकीचं सांगत असेल तर काय कराल? पार्वतीबाई म्हणाली, गप ऐकावं. मी म्हणालो, तोंडावर सांगावं, चारचौघांत सांगावं, म्हणजे परत चुकत नाही. माझंच दाबलं. मी चटकन चिडते का, असं विचारलं तेव्हा मी एवढ्या जोरात 'कोण म्हणतंय?' म्हणालो, की पोह्याची बशी कलंडली. पूर्ण असहमत.

शेवटी एक खेळ होता. फुगा फुगवत न्यायचा आणि फुटायच्या आत थांबायचं. पार्वतीबाईला कुठं थांबायचं ते कळेना (जेवायला वाढताना तरी कुठं कळतं?), तिनं सुरुवातीचे सगळे फोडले. मग मी मोबाइल हातात घेतला आणि पुढच्या प्रत्येक फुग्यात एक एक फुंकर घालून बाजूला ठेवला. एकही फुटला नाही. आम्ही खूश. नागरत्नाक्कानं पोह्यावर चहा घेतला. स्नेहल तेवढी बोलत नव्हती, पण बघण्याच्या कार्यक्रमानंतर मुली अशाच असतात.

चार दिवसांनी निकाल आला. कंपनीनं पास-नापास एका ओळीत कळवून थांबावं ना? नाही. स्वभावाचं लांबलचक वर्णन पाठवलं. स्नेहलनं उभं राहून वाचून दाखवलं: उमेदवाराला दुसऱ्याचं ऐकून घेण्याची सवय कमी आहे. न विचारता सल्ला देण्याची ओढ आहे. स्वतःच्या मतावर ठाम, बदल सहज पटत नाही. जोखीम घेत नाही, मात्र इतरांनी कशी घ्यावी हे सांगतो. हाताखाली काम करण्यास अनुकूल नाही. शिकाऊ पदासाठी शिफारस नाही.

पार्वतीबाईनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अवं, ह्या कंपनीनं तुमाला कवा बघितलं?" नागरत्नाक्का दारातूनच म्हणाली, "खरे अद री, अप्पा." (म्हणजे खरं आहे म्हणे! माझेच पोहे खाऊन!) भीमराजनं नुसतं कॅलेंडरचं पान उलटून उन्हाळा बघितला. आणि स्नेहल न्हाणीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होती.

ते मला बघवेना. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन कारखाना गाठला. तिथं बसवप्रभु नावाचा तरुण साहेब भेटला, पोरगा सभ्य, पाणी दिलं. मी म्हणालो, तुमचा कागद साफ चुकीचाय. तो बोलायला लागला, तर मी म्हणालो, थांबा, आधी माझं ऐका. मग त्याला समजावून सांगितलं की शिकाऊ कसा निवडावा. ओघात हेही सांगितलं की फाटकावरच्या शिपायाची खुर्ची उन्हात आहे ती लिंबाखाली घ्या, आणि टेबल दाराकडं तोंड करून ठेवा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि स्नेहलला विचारलं, "उत्तरं कुणी दिली, ताई?"

पोरगी खोटं बोलत नाही. म्हणाली, "घरच्यांनी. पण सर, मी एकटी देऊ शकते. एकदा द्या मला." एवढंच बोलली, मान वर करून. मी मधे काहीतरी म्हणणार होतो, तर तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. नुसता ठेवला.

साहेब म्हणाला, परत एकदा मिळेल, पण आता कॅमेरा चालू ठेवून. खोलीत एकटी पाहिजे. मागं कुणी दिसलं, कुणाचा आवाज आला, की परीक्षा बंद, आणि मग पुन्हा नाही. म्हणजे आता मुलगी बघायला येणार आणि घरचं कुणीच हजर नको! कसलं हे स्थळ, साडूभाऊ? काय दिवस आलेत! असो. आमचं काय चाललंय ते कळावं म्हणून लिहिलं, बाकी विशेष काही नाही. लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
राजपाल

ता. क. – विशेष आहे. परीक्षा येत्या रविवारी सकाळी आहे. तुम्ही शुक्रवारी इकडं फोन करा आणि पार्वतीबाईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, की गुलबर्ग्याला घराचं रंगकाम काढायचंय, राजपालच्या सल्ल्याशिवाय अडलंय, ताबडतोब पाठवा. मी थोडे आढेवेढे घेईन, तुम्ही सोडू नका. ही युक्ती माझी. स्नेहल एवढंच म्हणाली होती, "आबा, रविवारी तुम्ही मावसआजीकडं जाऊन येता का?" आणि डोळ्याला डोळा देईना.

ता. क. दुसरा – पार्वतीबाईनं वरचं वाचलं. तीही येणार आहे. ती येणार म्हणून नागरत्नाक्का येणार आहे. तेव्हा आम्ही तिघं. रंगकाम खरोखर काढून ठेवू नका, झोपायला जागा लागेल.

ता. क. तिसरा, आणि हा पंचशीलाला वाचून दाखवा – परीक्षा स्नेहलच्या मोबाइलवरच आहे. मधेच फोन वाजला तरी ती बंद पडते म्हणे. म्हणून रविवारी सकाळी तुमच्या घरातले सगळे फोन मला सापडणार नाहीत असे लपवा. पोरीनं नाष्टा केला का, एवढंच विचारतो, असं म्हणून मी मागेन. रागावूनही मागेन. देऊ नका.