एल्फांची म्होरकी नावाडीणच

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, आज सोमवारी सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी वेगळा दिला आहे. गुडघ्यांविषयी त्यांनी काही लिहिले नाही, ते बरेच झाले. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे, कारण त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

या कागदात मी माणसांची नावे घालत नाही. ज्यांना जी हाक मारत आले तीच लिहिते. थोरली म्हणजे माझी मुलगी. ती जमिनीची मोजणी करते आणि परगावी असते. धाकटा म्हणजे माझा मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि दोन गल्ल्या सोडून राहतो. या दोघांखेरीज मला वारस नाही. हे दोघे गेली सोळा वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत.

कलम १. वरच्या दोन खोल्या. या दोघांच्या समाईक मालकीच्या राहतील. मध्ये भिंत घालून वाटणी करू नये. उजेडाची खिडकी एकच आहे.

कलम २. खालचा बांधणीचा कारखाना, त्यातला पुस्तके दाबायचा मोठा लाकडी शिकंजा, कापायचे यंत्र, पुठ्ठे, कापडाचे तागे आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या हे सर्व शिवणवालीला द्यावे. ती माझ्याकडे एकवीस वर्षे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवते आहे. दुसऱ्यांनी रद्दीत टाकलेली पुस्तके ती मांडीवर घेते आणि पुन्हा उभी करते. तिला एका कानाने कमी ऐकू येते, म्हणून ती कारखाना काय सांभाळणार, असे काहींना वाटेल. मला मात्र दोन्ही कानांनी ऐकणाऱ्या माणसांनीच जास्त छळले आहे.

कलम ३. माझे दीर, म्हणजे भावजी. आमचे हे गेले त्याच आठवड्यात भावजी मोजपट्टी घेऊन कारखान्यात आले होते आणि जाताना मोजपट्टी विसरून गेले होते. ती मी जपून ठेवली आहे. ती त्यांना परत द्यावी. अधिक काही देणे नाही.

कलम ४. घडी दाबायची हाडाची पट्टी धाकट्याला द्यावी. ती त्याच्या वडिलांची आहे. तिचे एक टोक त्यांच्या अंगठ्याने झिजले आहे. ते टोक घासून सरळ करू नये.

कलम ५. एल्फांचा डेक. हे मृत्युपत्र खरे तर याच कलमासाठी आहे.

वाचणाऱ्याला हा खेळ ठाऊक नसेल तर थोडे सांगावे लागेल, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. डेक म्हणजे खेळायच्या चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा. त्यात शंभर कार्डे असतात. आमच्या डेकमध्ये सगळे एल्फ आहेत, म्हणजे चित्रातले ते लांब कानांचे, रानात राहणारे लोक. एकटा एल्फ अगदी लेचापेचा. दहा जमले की समोरच्याच्या नाकी नऊ आणतात. नव्याण्णव कार्डे पिसून पालथी ठेवायची. शंभरावे कार्ड म्हणजे म्होरक्या. मुले त्याला लीडर म्हणतात. ते पिसायचे नाही. डाव सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ते टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडे राहते, आणि सगळा डेक त्याच्या कलाने चालतो.

हा डेक दोघांनी मिळून जमवला. तेव्हा थोरली एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा सतरा. नव्याण्णव कार्डांवर त्यांचे एकमत होते. भांडण शंभराव्यावर होते. धाकट्याला राणी हवी होती. राणी पुढे आली की प्रत्येक एल्फाचे बळ वाढते आणि सगळे एकदम चालून जातात. थोरलीला नावाडीण हवी होती. नावाडीण स्वतः लढत नाही. दर फेरीला ती मेलेला एक एल्फ होडीत घालून नदीपलीकडून परत आणते.

“तुझी नावाडीण जिंकून कधी देणार? आपण म्हातारे झाल्यावर?” धाकटा विचारायचा.

“आणि तुझी राणी पडली की? मागे नुसता पाचोळा.”

“पडूच द्यायची नाही ना तिला.”

“सगळेच पडतात रे. परत कोण आणतं ते बघ.”

जेवताना हेच, न्हाणीघराच्या बंद दारातून हेच. आमचे हे जाऊन तेव्हा काहीच महिने झाले होते. घरात कोणीतरी मोठ्याने बोलते आहे, याचेच मला बरे वाटायचे.

थोरली हा डेक घेऊन या खेळाच्या स्पर्धेला जाणार होती. त्याच्या आदल्या आठवड्यात तिचा शब्द चालला आणि नावाडीण ठरली. धाकटा चिडून म्हणाला, “फाडून टाकीन एक दिवस तिला.” हे आम्ही दोघींनीही ऐकले.

स्पर्धेचा दिवस आणि वाचनालयाची पुस्तके बांधून पोचवायचा दिवस नेमका एकच आला. आदल्या दिवशी मी थोरलीला म्हटले, जाऊ नकोस. ती म्हणाली, “बाबा असते तर जा म्हणाले असते.” ते खरे होते, म्हणूनच मला झोंबले. दुपारी ती दोरा आणायला बाहेर गेली. नावाडीण टेबलावर उघडी होती. मी ती उचलली आणि वल्ह्यापासून खालपर्यंत मधोमध फाडली. माझ्या हातांना पुठ्ठा फाडायची सवय आहे. वेळ लागला नाही. दोन्ही तुकडे तिथेच टाकून मी खाली खळ ढवळायला गेले.

कार्ड मी फाडले. धाकट्याने फाडलेले नाही. ही दोन वाक्ये लिहायला मला सोळा वर्षे लागली.

मी वर आले तेव्हा भांडण पेटलेले होते. थोरलीच्या हातात तुकडे होते. धाकटा माझ्याकडे वळला.

“आई, मी नाही फाडलं. तू तरी सांग ना हिला.”

मी म्हटले, “आधी जेवून घ्या.”

त्याने माझ्याकडे पाहिले, आणि हुज्जत सोडून तो जिना उतरला. त्या दिवशी कोणी जेवलेही नाही. थोरली स्पर्धेला गेली नाही आणि पुढच्याच महिन्यात परगावची नोकरी धरून निघून गेली. मला ती दर आठवड्याला फोन करते, माझी औषधे विचारते, वर्षातून एकदा येते. पण धाकटा घरात नसेल अशाच वेळी येते. तसेच कार्ड बाजारात दुसरे मिळाले असते. पण प्रश्न कार्डाचा उरलाच नव्हता. सख्ख्या भावाने आपली गोष्ट फाडली आणि वर तोंडावर खोटे बोलला, हे तिच्या मनात बसले, आणि मी ते बसू दिले. आज सांगू, उद्या सांगू असे करत राहिले. आधी लाज वाटत होती. मग भीती वाटू लागली, की कळले तर तिचा फोन बंद होईल.

डेक कपाटात पडून होता. समोर खेळांचे दुकान निघाले तेव्हा तो देऊन टाकावा म्हणून मी घेऊन गेले. तिथल्या कार्डवाल्याने कार्डे चाळली आणि म्हणाला, “मावशी, लीडर कुठंय?” मला दुकानातच रडू फुटले. त्याने काही न विचारता स्टूल पुढे केले. मग दर शनिवारी दुपारी मी तिथे बसून खेळ शिकले. राणीला म्होरकी करून पाहिले. ती धाकटा म्हणायचा तशीच धडाकेबाज आहे, आणि पडली की थोरली म्हणायची तसाच पाचोळा होतो. रुपेरी चिलखताचा एक सेनापती आणला होता. त्याचा चेहरा हुबेहूब भावजींसारखा निघाला. त्याला तीन डावांत घरी पाठवले.

शेवटी जपून ठेवलेले दोन तुकडे जोडून मी नावाडीण दुरुस्त केली. जुन्या दस्तऐवजांना लावतो तो पातळ कागद मागून लावला, खळ अगदी पाणीदार केली आणि कार्ड तीन दिवस शिकंज्यात ठेवले. सांधा डोळ्याला दिसत नव्हता. मला वाटले, आता ही नव्याण्णवांत मिसळून जाईल आणि कोणाला काही कळणार नाही. कार्डवाल्याने कार्डे प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातली, पिसली, डोळे मिटले आणि बोटांनी चाचपून नावाडीण बाहेर काढली. तीनदा पिसली, तिन्ही वेळा काढली.

“बोटाला कळतंय, मावशी. असं कार्ड पिसायच्या गठ्ठ्यात चालत नाही. खूण केलेलं धरतात.”

“मग टाकून देऊ?”

“टाकायचं कशाला? लीडरला कोण पिसतं? ती उघडीच असते. तिथं खुशाल ठेवा.”

धाकटा दर रविवारी येऊन शिकंज्याला तेल देतो. एकदा त्याला टेबलावर ती नावाडीण दिसली. त्याने सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “खळ थोडी जास्त झाली, आई.” मी कार्डे गोळा करू लागले. तो पुन्हा म्हणाला, “कशी फाटली ते मी विचारत नाही.” तेव्हा मला कळले, की याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याने बहिणीला कधी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर थोरलीने मला सोडले असते. मला लेक राहावी म्हणून माझ्या लेकाने आपली बहीण गमावली. माझ्या सगळ्या मालमत्तेत याच्या तोडीचे त्याला देण्यासारखे काही नाही.

तरी माझी इच्छा अशी: डेक दोघांना मिळून द्यावा आणि तो कधी वाटू नये. त्याची म्होरकी नावाडीणच राहील, आणि तीही दुरुस्त केलेलीच. नवी आणून ठेवू नये. राणी नव्याण्णवांत आहे. ती योग्य वेळी हाती येईल, एवढे धाकट्याने चालवून घ्यावे.

कलम ६. माझी चपला-कपड्यांची पेटी ज्याला उपयोगी पडेल त्याला द्यावी. चष्मा देऊ नये. त्यातून मलाही धड दिसत नाही.

कलम ७. ~~हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून कार्डवाल्याकडे ठेवावे आणि माझ्या मृत्यूनंतरच उघडावे.~~

वरील कलम मी स्वतः खोडले असून शेजारी सही केली आहे. कारण असे: साक्षीसाठी आलेल्या कार्डवाल्याला आणि डॉक्टरीणबाईंना मी कलम ५ वाचून दाखवले. कार्डवाल्याने हातातले पेन खाली ठेवले. मग म्हणाला, “मावशी, जी उघडी ठेवायची, ती तुम्ही परत पाकिटात घालताय.” डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला त्याचा राग आला. पाणी पिऊन झाल्यावर तो उतरला.

कलम ७, दुरुस्त. हे मृत्युपत्र येत्या रविवारी, पंधरा तारखेला, दुपारी बारा वाजता, वरच्या खोलीत, थोरली आणि धाकटा दोघांसमोर मी स्वतः वाचून दाखवीन. दोघांना फोन झाले आहेत. दुसराही येणार आहे, हे दोघांना सांगितले आहे. थोरलीने “बरं, येते” म्हटले. धाकट्याने विचारले, “आई, नक्की ना?” नक्की.

डेक टेबलावर मांडलेला असेल आणि नावाडीण उघडी असेल. वाचून झाल्यावर ज्याला मला जे बोलायचे असेल ते त्याने बोलावे. मी उठून खळ ढवळायला जाणार नाही.

स्थळ: कारखान्यावरची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६.

लिहून ठेवणारीची सही: (सही)

आम्ही, खाली सह्या करणारे, लिहून ठेवणाऱ्या बाईंनी वरील मजकूर शुद्धीत लिहिला व आमच्या समक्ष सही केली, याची साक्ष देतो. कलम ७ मधील खोडाखोड आमच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच हाताने झाली.

साक्षीदार १: (सही) खेळांचे दुकान, समोरची बाजू.
साक्षीदार २: (सही) डॉक्टर. गुडघ्यांचा दाखला मागितल्यास वेगळा देईन.