टाकीचं पाणी

बाबा, माय बोलली. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं परवा अंबाडी निवडता निवडता बोलून गेली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

झालं असं, की कचेरीला निघताना मी तिला बजावत होते. गच्चीवरच्या ताटातल्या बोन्साय पिंपळाला दुपारी हात लावू नको, पानांनी माना टाकल्या तर टाकू देत, संध्याकाळी मी बघते. आणि टाकीच्या नळाचं पाणी तर थेंबभरही नको. मायनं मान वर केली नाही. "मले काय सांगतं व? तुह्या बाबानं तेच तर केलं होतं."

मी चप्पल घातलेल्या पायानं तशीच आत आले. ती सांगत गेली. बारावीनंतरच्या त्या मे महिन्यात मी नर्सिंगचा फॉर्म आणायला बाहेर गेले होते, तुम्ही दुपारी जेवायला आलात, आपल्या तेव्हाच्या पिंपळाची पानं लोंबलेली दिसली, आणि तुम्ही सरळ टाकीच्या नळाला पाइप लावून ताट भरलं, वरून पानांवरही मारलं. आदिलाबादचं ऊन, काळी टाकी, भर दुपार. चहाला आधण ठेवतात तसलं पाणी. "मले म्हने, पोरीले सांगू नको."

हे तुम्ही केलंत? ज्यांनी मला सगळं शिकवलं त्यांनी? तुमच्या कचेरीच्या भिंतीतून उपटून आणलेलं वीतभर रोप होतं ते. तुम्ही त्याला उथळ ताटात बसवलं आणि मी दहा वर्षांची असल्यापासून दर उन्हाळ्यात ते माझ्या हवाली. पहाटे उठायचं, रांजणातलं गार पाणी टबात ओतायचं, ताट त्यात बुडवायचं, बुडबुडे थांबले की काढायचं. ऊन चढायच्या आत फवारा, पानांच्या पाठीवरसुद्धा. मग वर ओलं पोतं बांधायचं. मामाच्या गावाला मुधोळला सगळी पोरं जायची, मी नाही. घरी कोणी आलं की तुम्ही म्हणायचे, "झाड हिच्या हातानं जगून राह्यलं." केवढा तोरा होता मला त्याचा!

त्या दुपारनंतर तीन दिवसांत पानं काळी पडून गळली. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसला आहात, काका आलेले आहेत, माझा फॉर्म तुमच्या मांडीवर आहे. मी रडत सांगते आहे, बाबा, मी पाणी चुकवलं नाही हो, आईशप्पथ नाही. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. काकांना म्हणता, "जिले एक झाड सांभाळनं जमलं नाही, थे बिमार मानसं काय सांभाळीन?" काका हसले. फॉर्म तुमच्या कपाटात गेला आणि तारीख निघून गेली. मंचेरियलच्या नर्सिंग कॉलेजात माझी मैत्रीण गेली, मी गेले नाही.

चूक कोणाकडूनही होते, बाबा. त्यावर माझा राग नाही. पण तुम्ही ती चूक कामाला लावली! मला पाठवायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं, मी भांडले असते, हरले असते. तुम्ही मला माझ्याच हातांवर शंका घ्यायला लावली. माझी मुलगी झाली तेव्हा तिला आंघोळ घालायला मी घाबरायचे, पाणी दहादा बघायचे. सासूबाई म्हणायच्या, काऊन एवढी भेतं? काय सांगणार होते मी त्यांना. तुम्ही गेल्यावर तुमच्याच जागी मला नोकरी लागली, आज तुमच्याच टेबलावर बसते, आणि लोक म्हणतात, बापानं पोरीचं भलं केलं.

मायवर ओरडले नाही. तिचे गुडघे गेलेत, ती रात्रंदिवस माझ्यासमोर असते. ओरडायचं ते तुमच्यावरच. म्हणून लिहिते आहे, आणि हे त्याच जुन्या ताटाखाली घडी करून ठेवणार आहे. नवीन पिंपळ त्यातच लावलाय मी.

एवढंच सांगायचं राहिलं. आज सुट्टी होती. भर दुपारी गच्चीवर गेले आणि टाकीच्या नळाखाली हात धरला. चटकन मागे घ्यावा लागला, बोटं अजून लाल आहेत. पण जिना चढताना, बाबा, पाणी कोमट निघावं असंच मला वाटत होतं.