मांजरीचा गाळा

चि. राजस,
अनेक आशीर्वाद.

बुधवार पेठेतलं आपलं रेडिओचं दुकान गेल्या महिन्यात रस्तारुंदीत पाडलं. त्याआधी महापालिकेचे साहेब आणि व्यापाऱ्यांची शेवटची बैठक झाली. साहेब म्हणाले, "तुम्हाला शहराबाहेर, मांजरी गावाला गाळे देतो."

"तिथे काय उसाला रेडिओ ऐकवू?" बाबांनी विचारलं.

सगळे हसले, साहेबसुद्धा. मग बाकीच्या व्यापाऱ्यांनी मुकाट्याने सह्या केल्या. बाबा एकटे पडले.

अजूनही ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतात आणि दिवसभर खुर्चीत बसून राहतात. "राजसला कळवायचं नाही, अमेरिकेत त्याला घोर नको," असं त्यांनी बजावलंय. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा कुठायत?"

"दुकानात," मी म्हणाले. ते समोरच बसले होते. त्यांनी मान डोलावली.

तुझी,
आई